तिसऱ्या गल्लीतली वेधशाळा

सांगली, १२ जुलै २०२५

ती. अक्कास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तू ते खणात टाकलंस, बरं केलंस. फोनवर मी घसा फोडून सांगायचं आणि तू भलतंच ऐकायचं, त्यापेक्षा ही पत्रं बरी. इथे पाऊस धरून आहे. आयर्विन पुलाखालच्या पाण्याची पातळी विचारून सगळे ह्यांचं डोकं खातात, कारण हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नदी जणू ह्यांना विचारून चढते.

विचारतात ते मोबाईलवर. आमच्या मैत्रेय कॉलनीचा एक ग्रुप आहे, 'मैत्रेय कट्टा' नावाचा. मला त्याची शिसारी येते. काल मी आमटी-भात कालवत होते, तेवढ्यात कुणीतरी अंगठ्याच्या सडक्या नखाचा फोटो टाकून औषध विचारलं. परवा टाकीत मेलेली घूस सापडली, तर तिचे दोन्ही बाजूंनी फोटो. आणि त्याच्या वरखाली दवबिंदूंची गुलाबं आणि शुभ सकाळ. मी ताट तसंच सारून उठले.

ह्यांचा मात्र त्यात जीव. रोज सकाळी 'मैत्रेय वेधशाळेचा अंदाज' लिहितात. पहिल्या गल्लीत पाण्यावरून विजांच्या कडकडाटासह भांडण, दुपारनंतर आकाश निरभ्र. तिसऱ्या गल्लीत चकलीचा वास, वाऱ्याची दिशा नैर्ऋत्य. असलं काहीतरी. त्याला उत्तर द्यायला पाचव्या गल्लीतले नाथाजी टपलेलेच असतात. उंब्रजचे, सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. ते लिहितात की चौकीपर्यंत चकली पोचली न्हाई, रसद तोडली तर शिपाई फितूर हुतील. मग दिवसभर ह्या दोघांची जुंपते आणि कॉलनी हसते. गंमत म्हणजे समोरासमोर भेटले की दोघेही घुमे. मान हलवतात आणि आपापल्या वाटेने जातात.

परवा ह्यांनी कट्ट्यावर विचारलं की आज दूध आलं का. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा. लोक हसून लोटपोट. ग्रुपचा म्होरक्या जयराज, त्याचं फरशीचं दुकान आहे, त्याने लिहिलं की काका आज फॉर्मात. मी आतून सांगितलं की दूध गॅसवर तापतंय. हे माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी कानडीतच बोलले.

असो. चकल्या पाठवते. माया आहेच, ती पत्रातून पाठवत जा.

तुझी,
विनू


सातारा, २२ जुलै २०२५

चि. सौ. विनोदिनीस,
अ. उ. आ. वि.

चकल्या पोचल्या. निम्म्या मोडल्या होत्या, पण माझे दात पाहता ती सोयच झाली. घुशीचा फोटो पाहून तू ताटावरून उठलीस, ह्यात नवल नाही. लहानपणी दुधावरची साय पाहूनही उठायचीस.

आता दुसरं. लिहू की नको असं करत होते. मी पाठवलेले कंदी पेढे मिळाल्याचं तुझ्या मधुकररावांचं पत्र गेल्या महिन्यात आलं. अक्षर नेहमीसारखं मोत्याचं. पण पेढ्यांचे आभार एकाच पानावर दोनदा मानलेत, त्याच शब्दांत. आणि शेवटी लिहिलंय की भाऊसाहेबांना माझा नमस्कार सांगा. विनू, माझ्या नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली. खांदा द्यायला मधुकरराव सर्वांत पुढे होते.

आधी वाटलं, थट्टा असेल. पण ते असली थट्टा करणारे नाहीत. दूध तीनदा विचारलं त्यातही मला गंमत वाटली नाही. मिरज तुझ्या हाताशी आहे आणि तिथे डॉक्टरांना तोटा नाही. घेऊन जा. मला कळव. गोड-कडू काहीही असो, कळव.

आशीर्वाद आहेतच.

तुझी,
अक्का


सांगली, १८ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मिरजेला जाऊन आलो. विस्मरणाचा आजार आहे. सुरुवात म्हणे मागेच झाली असावी. औषधं आहेत, पण ती धरून ठेवायची, परतवायची नव्हेत. येताना रिक्षात हे एवढंच म्हणाले की कट्ट्यावर कळवू नकोस. मी कबूल केलं.

जुलैअखेरीस हे पेपर आणायला गेले आणि चौकात उभं राहून ग्रुपवर विचारलं की माझं घर कोणतं, कोणी सांगेल का. त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. एकाने लिहिलं, घर विसरतो तोच खरा सुखी. दुसऱ्याने बायकोचं नाव आठवतं का विचारलं. नाथाजींनी तर कडी केली. म्हणे वेधशाळा तिसऱ्या गल्लीत, कोपऱ्यावरच्या कडुनिंबापास्नं डावीकडं, निळं फाटक, फाटकात वहिनी लाटणं घिऊन हुभ्या. हे घरी आले तेव्हा मी ते वाचून मोबाईल पालथा टाकला होता. नाथाजींना तरी मी शहाणं समजत होते. तोही त्यातलाच.

झेंडावंदनाला जे झालं ते लिहवत नाही. मी ह्यांचा सदरा इस्त्री करत होते, तेवढ्यात हे तसेच बाहेर पडले. पुढचं विचारू नकोस. मी आम्हा दोघांनाही त्या ग्रुपमधून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. नाथाजी झेंडावंदनाला गावी गेले होते, ते परत येऊन दोनदा बेल वाजवून गेले. उघडलं नाही.

तुला म्हणून सांगते. लोकांची किळस येते ती एक. पण अक्का, मला ह्यांचे कपडे धुतानाही मळमळतं. नाकाला पदर बांधून धुते. ज्याच्याबरोबर जन्म काढला त्या माणसाची घाण मला सहन होत नाही, आणि मग स्वतःचीच शिसारी येते. धुतलेल्या पायजम्यालाही वास येतो, की तो माझ्या नाकातच बसलाय, कळत नाही.

ह्यावर मला उपदेश करू नकोस. नुसतं लिही.

तुझी,
विनू


सातारा, २३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. विनोदिनीस,
अ. उ. आ. वि.

तू लिहिलं नाहीस, तरी मला कळलंय. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी शेजारची साक्षी चहाला बोलावून घेऊन गेली. आजी, तुम्हाला गंमत दाखवते म्हणाली आणि मोबाईल पुढे धरला. कुठल्याशा मैत्रिणीने पाठवलेलं. झेंड्याच्या खांबाशी बनियनवर एक म्हातारा माणूस उभा, पायजमा पुढून ओला, आणि तो गंभीरपणे हवामान सांगतोय. ते हवामान आणि मागे कुणीतरी जोडलेली बँडची धून, हे दोन्ही साक्षीने कानाशी ओरडून सांगितलं. लोक टाळ्या पिटतायत. साक्षी म्हणाली की सांगलीचे हे काका लय भारी आहेत.

ऐकू मला येत नाही, पण दिसतं. टाळ्या वाजल्यावर मधुकरराव गर्रकन वळले आणि गर्दीत चेहरे बघायला लागले. ते तुला शोधत होते, विनू. इतक्या लोकांनी ते चित्र पाहिलं असेल, त्यातल्या कुणाला हे दिसलं नसेल.

मी साक्षीला सांगितलं की हे माझ्या बहिणीचे यजमान. तिचं तोंड पडलं. मनाने वाईट नाही पोरगी. पण मी अर्धा कप चहा तिच्या मोरीत ओतला आणि घरी आले. त्या चहाची किळस आली मला. अजून चहा गोड लागत नाही.

उपदेश करू नको म्हणतेस, करत नाही. फक्त माझं सांगते. भाऊसाहेब शेवटचे सहा महिने अंथरुणात होते. मला रोज मळमळायचं. न्हाणीघरात जाऊन ओकायचे, तोंड धुवायचे आणि पुन्हा त्यांच्याजवळ जायचे. कुणाला बोलले नाही, आज तुला बोलते. किळस नाकाला येते, त्याला आपण काय करणार.

दार मात्र सगळ्यांना लावू नकोस. एकटीने हे होत नाही.

तुझी,
अक्का


मैत्रेय कॉलनी, पाचवी गल्ली
२५ ऑगस्ट

सौ. वहिनीसाहेबांस,
नाथाजीचा रामराम.

दार उघडंना म्हणून कागद फाटकाच्या पेटीत टाकतोय. पल्टनीत लय पत्रं लिवली, त्यामुळं भीड न्हाई.

माझा थोरला भाऊ केरबा आसाच गेला. उंब्रजला हायवेच्या कडंला हुभा ऱ्हाऊन इचारायचा, आमचं घर कुठलं रं. पानपट्टीवरची पोरं त्येला उलट्या वाटंला लावायची आन् हसायची. मी तवा सरहद्दीवर. सुट्टीवर आलो तवा त्यो गोठ्यात बसलेला, बोलणं सोडलेलं. लोकांच्या हसण्याला भिऊन त्यानं इचारणंच सोडलं हुतं. माणूस इचारायचा थांबला की मग संपलंच, वहिनी.

सायबांचं मला फाल्गुनातच ध्यानात आलं. मला एकदा त्यांनी माझंच नाव इचारलं. मी म्हनलं न्हाई कुणाला. पर तवापास्नं मोबाईल उशाला घिऊन बसतोय. सायबांनी काय बी इचारलं की दुसऱ्या कुणी चेष्टा करायच्या आत आपण उत्तर द्यायचं, आन् ते इनोदात द्यायचं, म्हंजी त्यांना लाज वाटायची न्हाई. दुधाचं इचारलं तवा मी देवळात हुतो, मोबाईल बंद. ते चुकलं. घर इचारलं तवा झाड, डावी बाजू, फाटकाचा रंग समदं लिवलं. तुमचं लाटणं घातलं, ते माफ करा. पर त्याबिगर लोकांनी सायबांचं दुखणं वळखलं आसतं.

झेंड्याला मी हितं न्हवतो, ह्येच जिवाला लागलंय. ती फिल्म जयराजनं टाकलेली, त्याच्या दुकानात गेलो. म्हनला, काकाच जोकर हायेत, मी काय केलं. मी म्हनलो, तुझा बाप आसता तर. त्यानं फिल्म काढली ग्रुपवरनं, पर ती गावभर गेलीया. त्या पोराच्या तोंडाकडं बघून मला थुकावं वाटलं, पर दुकान त्याचं हुतं.

आता तुमी सांगाल तसं. मला आत न्हाई घेतलं तरी फाटकापाशी हायेच.

आपला,
नाथाजी


सांगली, ९ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

गणपती गेले. ह्या वर्षी मोदक केले नाहीत, बाहेरून पेढे आणून नैवेद्य दाखवला. बाप्पाने समजून घेतलं असेल.

सोबत नाथाजींच्या पत्राची नक्कल पाठवते, म्हणजे मला पुन्हा सांगावं लागणार नाही. मी ते दोनदा वाचलं आणि तशीच चपला घालून पाचव्या गल्लीत गेले. माणूस अंगणात शेंगा फोडत बसला होता. मी फाटकाशीच उभी राहिले. तेच म्हणाले की वहिनी, आत या, चा टाकतो. मी सांगितलं की नको, तुम्हीच घरी चला.

मग मी ह्यांना विचारलं की लोकांना खरं सांगू का. हे म्हणाले की सांग, लपवायचं होतं हे आता मीच विसरेन. तेव्हा मी पुन्हा त्या ग्रुपवर गेले आणि चार ओळींत आजार सांगितला, त्या दिवशीचा पायजमाही सांगितला. म्हटलं, एवढं पाहिलंत, तर कशामुळे ते पण पाहा.

आणि मग ते सुरू झालं. जोडलेले हात, गुच्छ, मेणबत्त्या. काका लवकर बरे व्हा. भिजवलेले बदाम, ब्राह्मीचं तेल, नाकात तूप. एका बाईने विचारलं की हे पसरतं का. हसणारी तोंडं टाकली होती त्यांनीच आता रडणारी टाकली. दोन्ही सारखीच पिवळी. मी तिथूनच कायमची बाहेर पडले.

जयराजला तेवढ्याने चैन पडेना. गणपतीच्या मांडवात काकांचा सत्कार करू म्हणाला. मी नाही म्हटलं, तर शाल, नारळ आणि फोटो काढणाऱ्या मित्राला घेऊन घरीच आला. मी काही बोलायच्या आत ह्यांच्या खांद्यावर शाल टाकली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. नेमके हे तेव्हा खुर्चीतच भिजले. जमिनीवर ओघळ आला. मी जयराजला शांतपणे सांगितलं की आलायसच, तर काकांना जरा दंडाला धर, मी कपडे बदलते. त्याने रुमाल नाकाला लावला. फोन आला असं काहीतरी पुटपुटला आणि दोघेही गेले. फोन वाजला नव्हता. नारळ मी आमटीत घातला. शालीने फरशी पुसायला घेतली, पण ती इतकी हलकी की पाणीही टिपत नाही.

तेवढ्यात नाथाजी आले. त्यांनी जमिनीवरचा ओघळ पाहिला. बाह्या सारल्या, ह्यांना उठवलं, न्हाणीघरात नेलं आणि बाहेरून मला कपडे मागितले. मी नाकाला पदर लावला होता, तो त्यांनी पाहिला. म्हणाले की लावा की वहिनी, मला बी वास येतोय, मी तोंडानं श्वास घेतोय. अक्का, कितीतरी दिवसांनी मी हसले.

आता ते रोज सकाळी येतात. दोघे फार बोलत नाहीत. सवय नाहीच मुळी त्यांना. नाथाजी पेपर मोठ्याने वाचतात आणि हे मधूनच चुका काढतात, कधी खऱ्या, कधी नसलेल्या. नाथाजी त्या नसलेल्या चुकाही पेनाने सुधारतात.

काल नाथाजी निघून गेल्यावर ह्यांनी मला जवळ बोलावलं. हळूच विचारलं की हे गृहस्थ कोण. मी नाव सांगणार होते, पण ह्यांनीच हात वर करून थांबवलं. म्हणाले, असू दे, चांगला माणूस दिसतो. आज ओळख झाली. त्याला सांग, उद्या पण येत जा.

तू थंडीत ये. वरची खोली झाडून ठेवते. तोवर पत्रातून जवळ राहा, एवढंच मागते.

तुझी,
विनू