कवळ्या बनवणारीस, आणि आमच्या मुलीस

मी, नर्सिंग कॉलेजातील प्राध्यापिका, वय चौपन्न, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यकृताने साथ सोडली आहे, डोके मात्र ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे राहते घर, दोन खोल्या आणि गच्ची, स्वकमाईचे आहे. ते मी इतकी वर्षे माझ्याबरोबर राहिलेल्या, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईस देते. ती माझी कोण, हेही लिहिणार होते. वकील म्हणाले, "मॅडम, नात्याच्या भानगडीत पडू नका. स्नेही लिहा, कायद्याला तेवढं पुरतं." म्हणून स्नेही लिहिते.

२. दादास, म्हणजे माझ्या थोरल्या भावास, काहीही देत नाही. वडिलांच्या घरातला माझा हिस्सा मी त्याला आधीच सोडला आहे. त्याच्या तोंडातली कवळी तिनेच बनवली, टोचते म्हणाला तेव्हा घासून नीट बसवून दिली, आणि त्याच दातांनी तो तिला 'ती भाडेकरू' म्हणतो. कवळी परत मागू नये.

३. माझे संशोधन एकाच विषयावर झाले: समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींची बाळंतपणे, आणि त्या काळात त्यांच्या मनाचे काय होते. ही माणसे तपासणीला उशिरा येतात. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच 'नवरा काय करतो?' असे कोणीतरी विचारते, आणि मग पुढच्या वेळी ती येतच नाहीत. कळा सुरू असताना आपले माणूस जवळ असले की सावरतात. एवढी साधी गोष्ट सांगायला मला पीएच.डी. करावी लागली. रुग्णालयाने अहवाल स्वीकारला, टाळ्या वाजवल्या, आणि प्रसूतिकक्षाच्या दारावरची पाटी तशीच ठेवली: फक्त पती किंवा रक्ताचे नातेवाईक.

४. पुढे त्याच दाराबाहेर मी उभी राहिले. मूल आम्ही दोघींनी ठरवून होऊ दिले होते. आत तिला कळा येत होत्या. दारावर माझीच विद्यार्थिनी होती.

"मॅडम, तुम्हाला कसं अडवू? पण कोण म्हणून आत सोडू?"

"घरची म्हणून सोड."

"घरची म्हणजे कोण? सिस्टर विचारतील हो मला."

मी बाहेरच थांबले. बाळ झाले आणि रक्तस्राव थांबेना. आतली पळापळ कानावर येत होती; कोणते इंजेक्शन मागितले, का मागितले, सगळे कळत होते. ज्यांना मी शिकवले ते हात आत होते. माझ्या हातात तिच्या चपला होत्या. ती वाचली. विद्यार्थिनी नंतर माझ्या गळ्यात पडून रडली. तिच्यावर माझा राग नाही.

५. मुलगी आता दहावीत आहे. मला 'माई' म्हणते, भांडताना 'मॅडम'. कागदोपत्री मी तिची कोणीच नाही, त्यामुळे तिच्या आईला काही झाले तर तिला कोणी सांभाळावे, हे लिहिण्याचा मला अधिकार नाही. बाळाचे ठोके ऐकायची माझी लाकडी नळी तिला द्यावी. तिचे ठोके मी पहिल्यांदा त्याच नळीतून ऐकले, घरीच, आई "अगं, गार आहे ते!" म्हणून ओरडली होती.

६. मुलाखतींची ध्वनिमुद्रणे पुसून टाकावीत. कॉलेजने कितीही मागितली तरी देऊ नयेत. त्या माणसांनी ते माझ्यापाशी बोलून दाखवले होते, कॉलेजपाशी नाही. पुस्तके खुशाल न्यावीत.

७. देह ताब्यात देताना इथे रक्ताच्या नातेवाइकाची सही मागतात. या मृत्युपत्राने त्यात फरक पडत नाही, वकिलांना विचारून झाले. तेव्हा हे कलम म्हणजे नुसती विनंती आहे: दादा, सही तू कर, आणि मला त्या दोघींच्या हाती दे.

काल तो आला होता. स्टुलावर बसला, माझ्या पायांची सूज बघून त्याने मान फिरवली. मी त्याला हे तोंडी विचारले. त्याने उठून स्टूल खाटेखाली सरकवले. मग म्हणाला, "बघू."

त्याचे 'बघू' मी लहानपणापासून ऐकते आहे. कधी ते 'हो' निघते, कधी 'नाही'. या वेळी काय निघाले, ते मला कळणार नाही.

ठिकाण : रुग्णालय, स्त्रियांचा कक्ष, खिडकीजवळची खाट
दिनांक : मार्चमधला दुसरा सोमवार
सही : प्राध्यापिका (अक्षर वाकडे आले आहे, पण सही माझीच आहे)

आम्हा दोघांच्या देखत सही झाली :
१. उपचार करणारे डॉक्टर
२. शेजारच्या खाटेवरील पेशंटचे यजमान, निवृत्त पोस्टमास्तर