साहेब काय म्हणाला

१७ जानेवारी
शाळा सुटली तशी थेट वाचनालयापुढच्या मैदानात. आज तिथे विधानसभेच्या दोन्ही उमेदवारांची मुलाखत होती, आणि विचारणारे आमचे 'हे'. साखरखेर्ड्यात असं पहिल्यांदाच. एरवी सभा म्हणजे एकाचं भाषण आणि बाकीच्यांच्या टाळ्या. ह्यांचीच कल्पना, की दोघांना एकेक करून खुर्चीवर बसवायचं, दोघांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ. एक अण्णासाहेब, पक्षाचे. हे ज्या हायस्कुलात मास्तर आहेत, त्या संस्थेचे अध्यक्षही तेच. दुसरा अपक्ष, म्हणजे माझा थोरला भाऊ, बीबी गावचा वामनदादा. आठ दिवस गावात एकच विषय: मास्तर कोणीकडे झुकते? अध्यक्षांकडे का मेव्हण्याकडे? हे म्हणाले, "कोणाकडेच नाही. तू बघशीलच."
बघितलं.
डोकं ठणकतंय. उद्या लिहीन.

१८ जानेवारी
पहिला प्रश्न दोघांना हाच: "राजधानी नागपूरची उठून मुंबईला गेली. आपल्या भागाचं गाऱ्हाणं तिथे ऐकणार कोण?"
आधी अण्णासाहेब. बोलता बोलता अडकले, घाम पुसला, पाणी प्याले. हे थांबले. मान किंचित खाली, हात मागे. अण्णासाहेबांना शब्द सापडेना तर हळूच पुरवला. तो शब्द घेऊन ते पुढे गेले, टाळ्या झाल्या.
मग दादा. दादा काय, घरी बोलतो तसाच बोलला. "मी गेलतो ना मुंबईले. आमच्या रस्त्याचा अर्ज घेऊन. सचिवालयात दिवसभर बाकड्यावर बसून राह्यलो. संध्याकाळी एक साहेब बाहेर आला. त्याले समदं सांगतलं. तं तो साहेब मले म्हणे—"
"म्हणजे तुम्हाला असं म्हणायचं आहे की प्रशासन जनतेपासून दूर गेलं आहे. ठीक. पुढचा प्रश्न."
पुढे बसलेली माणसं हसली. दादाचं तोंड उघडं ते उघडंच. नंतरच्या प्रत्येक प्रश्नाला तेच. दादा दोन वाक्यं बोलला, की ह्यांचं 'म्हणजे तुम्हाला असं म्हणायचं आहे'. शेवटी शेवटी दादा नुसतं "हाव" म्हणायला लागला.
मी बायकांत बसले होते. शेजारची म्हणाली, "बाई, तुमच्या सरांनं भावाले किती सांभाळून घेतलं!" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

१९ जानेवारी
हे खुशीत आहेत. "वामनरावांची भाषा लोकांना कळली नसती. मी मदत केली." अगदी मनापासून. हेच तर.
साखरखेर्ड्यातल्या लोकांना साखरखेर्ड्याची भाषा कळली नसती!

२१ जानेवारी
दोन्हीकडून बोंब. अण्णासाहेबांची माणसं म्हणतात, मास्तरनं मेव्हण्याची वकिली केली, त्याच्या तोंडी चांगले चांगले शब्द घातले. दादाची माणसं म्हणतात, मास्तरनं नोकरी सांभाळली. ह्यांना त्याचाही आनंद. "दोन्ही पक्ष रागावले ना? मग तराजूचा काटा मधोमध."
भाकरी दोन्ही अंगांनी करपली म्हणजे ती नीट भाजली, असं मी अजून ऐकलं नाही. मनात म्हटलं. तोंडानं चहा हवा का विचारलं.

२२ जानेवारी
हळदीकुंकू केलं. सगळ्या आल्या. बीबीहून वहिनी आली नाही. निरोपही नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच असं. दरवर्षी ती सगळ्यांत आधी येते आणि तिळाचे लाडू वळायला बसते. तिच्यासाठी ठेवलेलं वाण पुन्हा फडताळात ठेवलं.

२३ जानेवारी
काही नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं हरभऱ्याच्या शेतात. पुढचं शिकवता येईना म्हणून फळे धुतले.

२५ जानेवारी
कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजींनी त्या दिवशी सगळं टेपरेकॉर्डरवर घेतलं होतं. आज ह्यांनी हायस्कूलच्या मास्तर मंडळींना त्यांच्या ओसरीवर बोलावून ते ऐकवलं. "माझ्यावर आळ आहे ना? या, कानांनी ऐका." मलाही नेलं. ओसरी भरली होती. प्रश्न खरंच शब्दाला शब्द तेच. वेळही तेवढाच. मंडळींनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, "सर, तुमच्यावर शंका घेणाराच खोटा."
मी ऐकत होते ते वेगळंच. दोन प्रश्नांच्या मधलं. अ.सा. गप्प झाले की टेपवर नुसती खरखर, कितीतरी वेळ. दादा श्वास घ्यायला थांबला की लगेच ह्यांचा आवाज. तो आवाज मी ओळखते. पाहुण्यांपुढे मी काही सांगायला लागले की तोच आवाज येतो. "म्हणजे हिला असं म्हणायचं आहे—" आणि मग जे येतं ते माझ्या म्हणण्यापेक्षा शहाणं असतं, नीटनेटकं असतं, आणि माझं नसतं.
हे बेइमान नाहीत. अण्णासाहेबांना भ्यायलेही नाहीत, लोक म्हणोत काही. ह्यांना कोणासाठी थांबायचं आणि कोणासाठी नाही, हे आपोआप होतं. पुण्याला मास्तरकीची बी.टी. केल्यापासून की आधीपासून, देव जाणे.

२९ जानेवारी
रविवार म्हणून मी एस.टी.नं बीबीला गेले. वहिनीनं कुंकू लावलं, ओटी भरली, पण जास्त बोलली नाही. दादा गोठ्याकडून आला. "आलीस? बस." बराच वेळ बैलाचंच बोलला. मग आपणहून म्हणाला, "मास्तर बेइमान माणूस नाही गं. बेइमान असता तं बरं होतं, दोन शिव्या तरी देल्या असत्या." मला रडू आलं. वहिनीनं पाणी दिलं.
विचारलं, "दादा, तो साहेब काय म्हणे रे तुले?"
"सांगीन. पण तुले एकटीले नाही. लोकायनं जिथून आयकलं नाही, तिथूनच सांगीन."
गाडीत बसल्यावर लक्षात आलं. 'तुले' म्हटलं मी. कित्येक वर्षांनी. सासूबाई होत्या तेव्हा माझ्या 'मले-तुले'ला हसायच्या. मग सुटलं ते. मीच सोडलं.

३१ जानेवारी
दुसरी मुलाखत बीबीच्या बाजारात ठरली आहे. मतदानाआधीची शेवटची. अण्णासाहेबांनी होकार कळवला. दादाचा निरोप: विचारणारे मास्तर असतील तर मी खुर्चीवर बसत नाही.
ह्यांना लागलं ते. जेवताना म्हणाले, "तू सांग. मी पक्षपात केला? तू नाही म्हण, मी जातो. हो म्हण, दुसरा माणूस बघतो. गावाचं मला काही नाही, तुझं ऐकेन."
मी वरण वाढलं. म्हटलं, उद्या सांगते.

१ फेब्रुवारी
पुन्हा विचारलं. डोकं दुखतंय म्हटलं. खरंच दुखत होतं.
नाही म्हटलं तर दादाचं तोंड पुन्हा बंद. हो म्हटलं तर ह्यांचं मन मोडेल. चौदा वर्षं मुलांना शिकवलं, एका पोराला मार्क जास्त दिला नाही की कमी दिला नाही. गावात ह्यांची तेवढीच कमाई आहे.
आणि 'तुझं ऐकेन' म्हणे. ऐकलं असतंत तर विचारायची वेळ आली असती का!

२ फेब्रुवारी
आज मी बोलले. दुपारी हे पेपर तपासत होते. म्हटलं, "त्या दिवशी दादा मुंबईचं सांगत होता ना, की साहेब बाहेर आला न—"
"म्हणजे तुला असं म्हणायचं आहे की—"
आणि तिथेच थांबले.
लाल पेन्सिल हातात तशीच. माझ्याकडे बघितलं, मग पेपराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला रागच एवढा आला होता, एका दिवसाचा नव्हता तो. बाहेर कोणीतरी दळण आणायला चाललंय का विचारत होतं, त्याला उत्तर द्यायलाही उठले नाही.
थोड्या वेळानं हे चपला घालून बाहेर गेले. शेटजींकडे, हे मागाहून कळलं. एकटे बसून सगळी टेप पहिल्यापासून ऐकली म्हणे.
आले ते काही खाल्लं नाही. एवढंच विचारलं, "तुला त्याच दिवशी कळलं होतं?"
"हो."
"मग बोलली का नाहीस?"
मी गप्प. ह्या वेळी त्यांनी माझ्या वतीनं उत्तर दिलं नाही.

४ फेब्रुवारी
हे सकाळच्या गाडीनं बीबीला गेले. मला म्हणाले नाहीत, मी विचारलं नाही.
संध्याकाळी आले. पायांवर धूळ. मग आपणहून सांगितलं. दादानं दारात उभं ठेवलं नाही, ओसरीवर बसवलं, चहा दिला. आणि म्हणाला, "जवाईबापू, तुम्ही इचारा, माही हरकत नाही. फक्त मधात बोलू नका."
वहिनीनं हरभऱ्याचे टहाळे पाठवले. बरं वाटलं.

८ फेब्रुवारी
बीबी. बाजार भरलेला. बैल, भाजी, बांगड्या, त्यातच मंडप. मी वहिनीशेजारी बसले. तिनं माझा हात धरून ठेवला होता.
तेच प्रश्न. आधी अ.सा. पुन्हा तिथेच अडकले, पुन्हा ह्यांच्याकडे बघितलं. शब्द हवा होता. हे थांबले, पण दिला नाही. अ.सा. बघतच राहिले. शेवटी स्वतःचा स्वतः एक शब्द काढला, तो काही तेवढा चांगला नव्हता.
मग दादा. "मागच्या टायमाले मी साहेबापाशी थांबलो होतो." लोक हसले. दादा हसला नाही. "दिवसभर बसलो. साहेब आला. त्याले समदं सांगतलं. रस्ता कसा वाहून जाते, बाळंतीण बैलगाडीत कशी अडकते, समदं. त्यानं आयकलं. मंग मले म्हणे…"
इथे दादा थांबला. मी ह्यांच्याकडे बघत होते. ओठ दोनदा हलले. मुठी आवळलेल्या. बोलले नाहीत.
"मले म्हणे, जे काय असन ते मराठीत सांगा."
मागून कोणीतरी हसायला गेलं आणि त्यालाच ते नको वाटलं.
"म्या म्हटलं, साहेब, मी मंग इतका वेळ कशात बोलून राह्यलो? तं तो घड्याळाकडे पाहे. अर्ज माह्या हातातच राह्यला. मी आपलं तुमाले इतकंच सांगतो, मी निवडून आलो तं तिथं असाच बोलीन. अस्साच. आता इचारा, मास्तर, पुढचं."
ह्यांना पुढचा प्रश्न विचारायला वेळ लागला. चष्मा काढून पुसला. कागद उलटा धरला होता, सरळ केला.
वहिनी रडत होती. मीही.

९ फेब्रुवारी
झालंच. सकाळपासून गावात एकच. मास्तरनं मेव्हण्याले मोकळं सोडलं, त्याच्यापुढे रुमाल घेऊन रडला, अध्यक्षांले भर सभेत उघडं पाडलं. मागच्या खेपेला माना डोलावणाऱ्या मास्तर मंडळींतलाच एकजण हे बोलतो आहे. खरं तर काल पहिल्यांदा ह्यांनी दोघांना सारखं वागवलं. पटवून कोणाला देणार? टेप ह्या वेळी कोणी घेतली नव्हती.
दादाकडे माणसं जायला लागली आहेत, असंही ऐकते. त्यातली मतं किती, देव जाणे. दादाला स्वतःलाही भरवसा नाही. निरोप आला, "आपलं बोलून झालं."
ह्यांनी आज मला विचारलं नाही, पक्षपात केला का म्हणून.

१० फेब्रुवारी
दुपारी संस्थेचा शिपाई आला. अण्णासाहेबांनी ह्यांना उद्या सकाळी घरी बोलावलं आहे. कशासाठी, ते त्याला ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक होतं, पण सांगवलं नाही. चहा न घेताच गेला.
भीती वाटते. लिहून टाकते, म्हणजे छातीवरून उतरेल. नोकरी गेली तर माझ्या पगारात दोघांचं भागेल, पण हे शाळेवाचून काय करतील, ते काही मला दिसत नाही. हे सगळं माझ्यामुळे झालं का? मी 'नाही' म्हटलं असतं तर? म्हटलं नाही, हे बरं केलं. तरी भीती वाटते.

११ फेब्रुवारी
हे आत्ताच गेले. धुतलेला सदरा, टोपी, सगळं रोजच्यासारखं. मी दाराशी उभी होते. काय सांगावं, ते सुचत नव्हतं. सांभाळून बोला म्हणू की बोलूच नका म्हणू. तोंडात काही आलं आणि राहिलं.
ह्यांनी मागे वळून विचारलं, "काही म्हणत होतीस?"
मी काहीच म्हणत नव्हते. तरी ते उंबऱ्यात थांबले.