बाबांच्या पोपटाचे पंख

सोमवार, १२ नोव्हेंबर १९७३. नागपूर

आज आईने कातर माझ्या हातात दिली. बाबा गेल्यावर ती खाप्याहून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा त्यांचा पोपटही सोबत आणला. बाबा त्याचे पंख वेळच्या वेळी कापायचे. आता ते पुरते वाढलेत. दुपारी तो पिंजऱ्यातून निसटून थेट शेजारच्या कडुनिंबावर जाऊन बसला. उन्हं उतरल्यावर कसाबसा परत आला.

खाप्याच्या अंगणात पंख कापताना पोपटाला टॉवेलात धरायचं काम माझं असे. मी तेव्हा दहा वर्षांची. टोकाची पाचच पिसं, तीही एका पंखाची. त्याचं काळीज माझ्या तळव्यात धडधडायचं आणि मी डोळे घट्ट मिटून घ्यायचे.

आज तेच धडधडणं हातात होतं आणि कातर काही चालेना.

"जाऊ दे ना आई. उडते तर उडू दे," मी म्हटलं.

आई दाराशी उभी होती. म्हणाली, "तो गेला तर मले 'अवं' म्हणून हाक मारणारं कोण राहीन?"

ही हाक तो अगदी बाबांच्या आवाजात मारतो. मी रोज ऐकते. तरी तिला ती कशी ऐकू येत असेल, हे माझ्या मनात कसं आलं नाही?

मी पाच पिसं कापली. बरोबर केलं का, माहीत नाही.

आईने पोपटाला खांद्यावर घेतलं. पण पाहत राहिली माझ्याकडेच.

"तुहा हात बी त्यांच्यासारखाच हलका आहे," म्हणाली.