सासूबाईंनी केलेलं पान

३ जून, मंगळवार
सासूबाई प्रोग्रामर झाल्या! वय सदुसष्ट. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, आता त्याच कामासाठी वेबसाइट केली. केली म्हणजे काय, तर तयार तुकडे उचलून पडद्यावर ठेवले. फॉर्म तयार, कॅलेंडर तयार. ह्याला काय प्रोग्रामिंग म्हणतात? मी म्हटलं, आत काय चालतं ते तरी ठाऊक आहे का?
"शिवणयंत्राच्या आत काय चालतं ते तरी कुठे ठाऊक होतं, जावईबापू? बाही नीट बसली की झालं."
बायको खो-खो हसली. नोकरी गेलेल्या माणसाला घरात कोण विचारतो!

५ जून
नव्या कंपनीकडून परीक्षा आली — दाताच्या दवाखान्यासाठी वेळ ठरवायचं पान. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. सगळं हाताने लिहिणार, एकही तयार तुकडा नाही! वीस वर्षं प्रोग्रामर म्हणून काय गवत उपटत होतो? ही नोकरी हवीच. तीन महिने झाले घरी बसून.

६ जून
दिवसभर नुसतं कॅलेंडर लिहितोय. माझ्या दवाखान्यात एकतीस फेब्रुवारीलाही दात काढून मिळतो!
सासूबाई डोकावल्या. "मी करून बघू? तेवढाच विरंगुळा." बघा म्हटलं. माझं काय जातंय.

७ जून
त्यांचं झालं!! दुपारच्या झोपेआधीच. तासभर चुका शोधल्या. बटणाचा रंग भयाण. बाकी सगळं चालतं, बायकोच्या खटारा फोनवरसुद्धा. माझं अजून फेब्रुवारीतच अडकलंय.
पाच वाजत आले. पाठवलं. त्यांचंच. माझ्या नावाने.

११ जून
नोकरी मिळाली. साहेब म्हणाले, "एवढा अनुभव, तरी सगळं स्वतः लिहायचा हट्ट नाही. असाच माणूस हवा होता." मी नंदीबैलासारखी मान डोलावली.
घरी आलो तर सासूबाई शेजारणीला सांगतायत — "आमच्या जावयाचं डोकं म्हणजे डोकं!" लाज वाटली. खरंच वाटली.

१२ जून
सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला काय सांगता? त्यांना सांगा," म्हणाल्या आणि फोन हातात दिला.
सांगितलं. साहेब "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. गेली नोकरी.

१३ जून
सकाळीच साहेबांचा फोन. मी माफी मागायला लागलो, तर म्हणाले, "ते राहू द्या हो. सासूबाई घरात आहेत का?"