सिनेमातली शिट्टी

अलिबाग, मंगळवार संध्याकाळ

सुमनने आज मुद्दाम मला सिनेमा दाखवला. नोकरी गेलेला पन्नाशीचा माणूस सायकलवरून पार्सलं पोचवू लागतो आणि पुन्हा उभा राहतो. न्हावा शेव्याची नोकरी गेल्यापासून मीही तेच करतोय. पण तो चढावर शिट्टी कशी वाजवतो? त्याला धाप लागत नाही? मी तर आज चढावर सायकल ढकलत नेली.

सिनेमा संपला तेव्हा सुमन डोळे पुसत होती. "बघा, त्याचं झालं ना? तुमचंही होईल."

"होईल," म्हणालो.

दुपारीच मालक म्हणाले होते, "काका, उद्यापासून येऊ नका. स्कूटरवाला मिळालाय." हिला कसं सांगू? ती मेली शिट्टी डोक्यातून जात नाही.

सुमन आत माझा उद्याचा शर्ट इस्त्री करतेय.