अंगठा वर की खाली

सुर्ला,
गुरुवार, २० जून २०२४

चि. शीतल हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं. पोदेर दोन दिवस पाव घेऊन फिरकला नाही, त्यामुळे आई भाकऱ्या थापतेय आणि त्याच्या नावानं शंख करतेय. मघाशी माझ्यावरच ओरडली, "अहो, एका जाग्यावर बसा की! दारात किती फेऱ्या मारणार?" बसतो, दोन ओळी लिहितो, परत उठतो. फोनच करणार होतो. पण फोनवर तू उलटे प्रश्न विचारतेस आणि मी थापा मारतो. म्हणून पत्र.

बाये, मे महिन्याच्या शेवटी तू पेडण्याहून आलीस आणि मला पलंगावर आडवं करून पाय तपासलेस. खाण बंद, ट्रक विकलेला. शाळेच्या बालरथावर, मुलांची ने-आण करणाऱ्या बसवर, ड्रायव्हर घेत होते आणि त्यांना डॉक्टरचा दाखला हवा होता. मी म्हटलं, घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं?

तू म्हणालीस, डोळे मिटा. पायाचा अंगठा धरून हलवलास, वर की खाली, सांगा. मी एकदाही चुकलो नाही. कसा चुकणार? समोर लोखंडी कपाट, त्याला आरसा! तू खाली वाकलीस की मी डोळे किलकिले करत होतो. टाचणी टोचलीस, कापूस फिरवलास, सगळी उत्तरं आरशात बघून दिली. डोळे मिटून उभं राहायला लावलंस तेव्हा पोटऱ्या हळूच पलंगाला टेकवल्या, नाहीतर आडवाच झालो असतो. घोट्यामागे हातोडी मारलीस तिथं मात्र लबाडी चालेना. पाय उडालाच नाही. तू तीनदा मारलीस, मग माझ्या तोंडाकडे बघितलंस. "बाबा, डोळे खरंच मिटले होते ना?"

मी लईराई देवीची शपथ घेतली. तू सही केलीस.

तिचीच शपथ, बघ. बावीस वर्षं मी तिचं व्रत धरून, धोंड म्हणून, शिरगावच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालतो. दर वर्षी तळव्यांना चटका कळतो, यंदा काहीच कळलं नाही. सगळे म्हणाले, धाकू, तुला देवी पावली! मीही छाती फुगवून फिरलो. पण घरी येऊन विहिरीवर पायांवर पाणी ओतलं, तर तेही कळलं नाही. देवी आग काढून घेईल, गार पाणी कशाला काढून घेईल? मला तिथंच समजलं होतं गो. साखरेच्या आजाराच्या गोळ्याही दिवाळीपासून बंद केल्या होत्या, ते तुला सांगितलं नाही. रिकामा घरी बसलो तर वेड लागेल, एवढंच डोक्यात होतं.

काल सकाळी डिचोलीच्या उतारावर पुढं म्हशी आल्या. ब्रेकवर पाय ठेवला. म्हणजे ठेवला असं वाटलं. गाडी थांबेना म्हणून खाली वाकून बघितलं, तर पाय ब्रेकच्या बाजूला नुसता पत्रा दाबत होता. हँडब्रेक ओढला. बस गटाराच्या कठड्याला घासून थांबली. आत एकोणीस मुलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पुढच्या सीटवरची ती चिमुरडी गौरवी टाळ्या पिटत म्हणाली, "काका, परत एकदा!"

आज शाळेत चावी देऊन आलो. खरं कारण सांगितलं. दाखल्यातली चूक तुझी नाही, मी तुला फसवलं, हे लेखी दिलं. तुझ्या सहीला बट्टा लागला तर मला तोंड दाखवायला जागा नाही. आईला फक्त गाडी घासली एवढंच ठाऊक आहे.

रविवारी ये. हवं तेवढं ओरड, मी उलटून बोलणार नाही. कपाटाच्या आरशावर चादर टाकून ठेवलीय. आई विचारते, ही कसली नवी तऱ्हा? परत अंगठा धर, परत विचार. नाही कळलं तर नाही कळलं म्हणेन.

या खेपेला खरोखर डोळे मिटून,
तुझा बाबा
धाकू