भाऊजी येऊन गेले

ताई,
उठलीस की आधी दाराला आतून कडी लाव, कुलूप तुटलंय. तू औषधाच्या गुंगीत असताना भाऊजी पहार घेऊन आले होते. “माझी बायको आहे, उचलून नेईन,” म्हणाले आणि माझ्या खांद्यात पहार घातली. मग मीही कुकरचं झाकण त्यांच्या तोंडावर हाणलं. दात पडले आणि भाऊजी जिन्यावरून गडगडत खाली गेले. भिंतीवरचं रक्त पाहून घाबरू नकोस, बरंचसं त्यांचंच आहे. शेजारच्या काकूंनी पोलीस बोलावलेत, मी त्यांच्याबरोबर चौकीत चाललोय.

सूप गरम करून पी. फुफ्फुसातलं पाणी काढल्यापासून काल पहिल्यांदा तू भिंत न धरता मोरीपर्यंत गेलीस. मी दाराआडून पाहिलं. बोललो असतो तर रडत बसली असतीस.

तुझाही जबाब घ्यायला पोलीस घरी येतील. काकू शेजारी बसतील. धाप लागली तर थांब, पाणी पी. पण या वेळी “मीच जिन्यावरून पडले” वगैरे काही सांगू नकोस. घाबरत घाबरतच सांग, पण खरं सांग.
— बारक्या